तापलेल्या धातूतील स्फटिककण आणि इलेक्ट्रॉनांचा वारा



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर इतिहास, संतसाहित्य, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्या पंक्तीला धातुशास्त्रासारखा विषय घेऊन बसणे थोडे धाडसाचेच आहे. संयोजकांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले, अट मात्र एक घातली : फळ्यावर सूत्रे लिहायची नाहीत. ती मी आनंदाने मान्य केली. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते सर पदार्थविज्ञान शिकवीत, आणि सूत्र पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलाला त्यांचा एकच प्रश्न असे : "कशावरून?" आजच्या विषयातही खरी गोम याच प्रश्नात आहे. धातूच्या अतिशय पातळ थरातून वीज वाहू लागली की तो थर तापतो, त्यातील स्फटिककण वाढतात, अणू जागा सोडतात आणि कधीतरी थर तुटतो. हे उष्णतेने घडते की विजेने? दोघी नेहमी हातात हात घालूनच येतात. मग एकीचे काम दुसरीच्या नावावर मांडले जात नाही, हे कशावरून?

प्रथम स्फटिककण म्हणजे काय ते पाहू. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली सर्वांच्या घरी होती. तिच्या अंगावर बर्फाच्या नक्षीसारखे चकचकीत आणि मंद असे तुकडे दिसतात. तो प्रत्येक तुकडा म्हणजे जस्ताचा एक स्फटिककण. जुन्या वाड्यांच्या दारांवरील ओतीव पितळी मुठी पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांच्या घामाने पितळ किंचित खाल्ले जाते आणि आतील कण उघडे पडतात. आपल्या बेळगावात उद्यमबागेतील फाउंड्रीत ओतकामाचा नमुना मोडून त्याचा भंग पाहतात, तेव्हा अनुभवी माणूस नुसत्या नजरेने दाणा बारीक की जाड हे सांगतो. भिंगाशिवाय केलेले ते धातुशास्त्रच होय.

प्रत्येक कणात अणूंच्या रांगा शिस्तीने लागलेल्या असतात, मात्र शेजारच्या कणातील रांगांची दिशा वेगळी असते. दोन शेतांतील नांगराचे तास वेगवेगळ्या दिशांनी जावेत आणि मध्ये बांध असावा, तसे. या बांधाला आपण कणसीमा म्हणू. सीमेवरील अणू दोन्हीकडच्या शिस्तीत नीट बसत नाहीत, त्यामुळे तेथे थोडी सैल जागा असते आणि थोडी जास्त ऊर्जा अडकून पडलेली असते. पुढील सगळी कथा या दोन गोष्टींवर उभी आहे.

सीमेत ऊर्जा अडकलेली असल्याने, संधी मिळाली तर धातू आपल्या सीमा कमी करू पाहतो. ही संधी उष्णता देते. तांबट हंडा ठोकता ठोकता मध्येच थांबतो, भांडे तापवतो आणि पुन्हा ठोकू लागतो. ठोकून कठीण झालेले तांबे तापविले की पुन्हा मऊ होते, कारण आत नवे, निर्दोष कण जन्माला येतात आणि वाढू लागतात. मोठा कण लहानाला गिळतो, एकूण सीमा घटते. भांडे फार वेळ आचेवर राहिले तर कण इतके मोठे होतात की पुढे ठोकताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. तांबट त्यामुळेच आचेबाबत दक्ष असतो.

कोणता कण वाढणार आणि कोणता नाहीसा होणार? येथे एक मौजेची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. साबणाचा फेस दोन काचांमध्ये पातळ दाबून ठेवला तर काही तासांत लहान बुडबुडे नाहीसे होतात आणि मोठे वाढतात. शिकागो येथील धातुशास्त्रज्ञ सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी धातूंतील कण आणि हा फेस यांतील साम्य दाखविले. त्या चर्चेत भाग घेताना थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ साली असे सिद्ध केले की अशा सपाट फेसात बुडबुड्याचे भवितव्य केवळ त्याच्या बाजूंच्या संख्येवर ठरते. सहापेक्षा कमी बाजूंचा बुडबुडा आक्रसतो, सहापेक्षा अधिक बाजूंचा वाढतो, आणि बरोबर सहा बाजूंचा आहे तसाच राहतो. त्याचा आकार किती, हा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे मलिन्स यांनी १९५६ साली हाच नियम धातूंतील कणांनाही लागू पडतो हे दाखविले. फेसात हवा पडद्यातून झिरपते, धातूत अणू सीमेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला उडी घेतात, परंतु हिशेब एकच. शाळेतील प्रयोगशाळेत दोन काचा आणि थोडा साबण घेऊन हे कोणालाही पाहता येईल, आणि विद्यार्थ्यांनी ते पाहावेच असे मला वाटते.

आता जाड भांड्याकडून पातळ थराकडे येऊ. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपल्याला पातळपणाची परिसीमा वाटते. इलेक्ट्रॉनिक चकतीवर, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'चिप' म्हणतो तिच्यावर, धातूचे जे मार्ग आखलेले असतात त्यांची जाडी एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ सिलिकनच्या चकतीवर बसवून हा थर तयार करीत. तो तापविला की कण वाढतात, पण कणाचा व्यास थराच्या जाडीच्या थोडाफार पुढे गेला की वाढ मंदावते आणि बहुधा थांबते. कारण असे की कणसीमा जेथे पृष्ठभागाला भेटते तेथे उष्णतेने एक बारीक चर पडते आणि सीमा त्या चरीत अडकते, जणू चाक खाचेत रुतावे. त्यानंतर वाढतात ते केवळ निवडक कण, ज्यांच्या अणूंची सर्वांत दाट रचलेली पातळी थराच्या पृष्ठभागाशी समांतर आहे असे. त्यांचा पृष्ठभाग कमी ऊर्जेचा असल्याने त्यांना इतरांवर मात करता येते. चांगल्या थरात असे बहुसंख्य कण एका दिशेने 'तोंड करून' बसलेले आढळतात.

उष्णता आणखी एक उपद्व्याप करते. ॲल्युमिनियम तापले की सिलिकनच्या सातआठपट प्रसरण पावते, पण थर चकतीला घट्ट चिकटलेला असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते. तो आतून दाबला जातो आणि काही ठिकाणी कणसीमांमधून धातू वर उचलला जाऊन उंचवटे येतात. थंड होताना उलट ताण पडतो आणि पोकळ्या पडू शकतात. हे सारे वीज न लावता घडते. उष्णतेच्या खात्यावर काय काय जमा आहे हे आधी मांडून ठेवले, म्हणजे विजेचे खाते वेगळे काढणे सोपे जाईल.

धातूत विद्युत्क्षेत्र ते काय असणार, असा प्रश्न एखादा जाणकार विचारील, आणि तो रास्त आहे. धातू वाहक असल्याने आतील क्षेत्र फार दुबळे असते. पण चिपमधील प्रवाह साधा नसतो. घरातील दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून पंधरा अँपियर वाहतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला हजार अँपियर पडतात. चिपमधील एक मायक्रॉन रुंद आणि अर्धा मायक्रॉन जाड मार्गातून फक्त पाच मिलिअँपियर गेले तरी दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपियर होतात. घरातील तारेत हे प्रमाण आले तर ती क्षणात वितळेल. चिपवरचा मार्ग वितळत नाही, कारण तो इतका बारीक आहे आणि खाली सिलिकनला इतका लागून आहे की उष्णता तत्काळ निघून जाते. म्हणजे ज्या प्रवाहाची कसोटी इतरत्र घेताच आली नसती, ती येथे घेता येते.

एवढ्या प्रवाहात इलेक्ट्रॉनांचा लोंढा अणूंवर सतत आदळत असतो. त्या धक्क्याला 'इलेक्ट्रॉनांचा वारा' असे नाव आहे, आणि ही कल्पना स्काउपी यांनी १९१४ सालीच मांडली होती. विजेने धातूचे अणू सरकतात हे निरीक्षण त्याहून जुने आहे. फ्रान्समध्ये जेरार्दां यांनी १८६१ साली वितळलेल्या शिसे-कथिलाच्या मिश्रणात ते नोंदविले होते. शंभर वर्षे ही गोष्ट ग्रंथांत निजून राहिली.

हा वारा किती जोराचा? आपण हिशेब करू. दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपियर असताना ॲल्युमिनियममधील क्षेत्र दर सेंटिमीटरला तीन व्होल्टहूनही कमी भरते. अणूवरचा धक्का त्याच्या दहापट धरला, तरी अणूच्या एका उडीला मिळणारी मदत ही १२५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याच्या स्वतःच्या औष्णिक हालचालीच्या तुलनेत पन्नास हजारांत एक भाग एवढीच असते. म्हणजे अणू उष्णतेने इकडे तिकडे उड्या मारीत असतो, आणि लाख उड्यांत दोन उड्या वाऱ्याच्या दिशेने जास्त पडतात. इतकेच. उडी मारण्याची ताकद उष्णता देते, दिशा वारा देतो. हे वाक्य या विषयाचे मर्म आहे, आणि उष्णता व वीज यांचा घोळ नेमका कोठे होतो तेही त्यावरून कळते. तापमान कमी असेल तर उड्याच नाहीत, मग दिशा कशाला द्यायची? वारा नसेल तर उड्या भरपूर, पण धातू सरासरीने जागच्या जागी.

कणसीमांचे महत्त्व येथे पुन्हा येते. ॲल्युमिनियमच्या कणाच्या आतून जायला अणूला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या निम्म्याहून कमी ऊर्जेत तो सैल अशा सीमेवरून सरकतो. म्हणून साधारण तापमानाला सारी वाहतूक सीमांवरूनच होते. सीमांचे जाळे म्हणजे थरातील रस्ते. जेथे बारीक कणांचा भाग संपून मोठ्या कणांचा भाग सुरू होतो, तेथे रस्ते कमी होतात. आलेले अणू पुढे जाऊ शकत नाहीत आणि ढीग पडतो. उलट बाजूस, जेथून अणू निघून जातात पण मागून येत नाहीत, तेथे पोकळी पडते. कणांची वाढ एकसारखी झाली की नाही, हा प्रश्न म्हणून केवळ कुतूहलाचा राहत नाही.

जुन्या काळच्या दिव्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. एल.ई.डी.ने हद्दपार केलेल्या त्या बल्बमधील टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापत असे. कूलिज यांनी १९०९-१० च्या सुमारास टंगस्टन ओढून तार करण्याची रीत बसविली, पण त्या तारेत कण वाढत वाढत तारेच्या पूर्ण रुंदीएवढे होत, सीमा तारेला आडव्या पडत, आणि दोन कण एकमेकांवरून घसरून तार तुटे. पुढे टंगस्टनमध्ये पोटॅशियमयुक्त क्षार मिसळण्याची युक्ती सापडली. त्यातून तारेच्या लांबीला समांतर अशा अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रांगा तयार होतात, त्या सीमांना अडवून धरतात आणि कण लांबट व एकमेकांत गुंतलेले असे वाढतात. तो झाला उष्णतेचा भाग. पण हीच तार एकदिश प्रवाहावर जाळली तर तिच्या अंगावर करवतीसारखे दाते पडतात आणि ती लवकर तुटते. उलटसुलट प्रवाहावर हे दाते सहसा पडत नाहीत. तापमान तेच, तार तीच, फरक केवळ दिशेचा. सरांच्या "कशावरून?" ला याहून सुटसुटीत उत्तर मिळणे कठीण.

चिपमधील मार्ग विजेने तुटतात हे १९६० च्या दशकात ध्यानात आले. मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक यांनी १९६७ ते १९६९ या काळात त्यावर शोधनिबंध लिहून आयुष्याचे एक सूत्र दिले. शब्दांत सांगायचे तर, प्रवाहाची घनता दुप्पट केली की आयुष्य चौथा हिस्सा उरते, आणि तापमानाबरोबर ते झपाट्याने घसरते. सीमांवरील वाहतुकीसाठी नेहमी धरला जाणारा आकडा घेतला, तर १०० अंशांवरून १२५ अंशांवर गेल्याने आयुष्य साधारण एकतृतीयांश होते. याच सूत्रावर चाचणी आधारलेली असते. २५० अंश तापमान आणि तिप्पट प्रवाह ठेवला की १०० अंशांवरील दहा वर्षे सुमारे दोन दिवसांत 'जगून' होतात. गंमत अशी की प्रवाहाचा वर्ग का येतो याचे ब्लॅक यांनी दिलेले कारण आज मानले जात नाही. पोकळी जन्माला येण्यापूर्वी लागणाऱ्या वेळाशी त्याचा संबंध आहे, असे १९८६ साली शॅट्स्केस व लॉइड यांनी दाखविले. सूत्र टिकले, कारण बदलले. शास्त्रात असे पुष्कळदा होते.

या चर्चेचा व्यवहाराशी संबंध किती जवळचा आहे, हे मी माझ्या अनुभवातून सांगतो. मी प्रयोगशाळेत असताना एका कारखान्याने निकामी झालेले काही नियंत्रक संच आमच्याकडे तपासायला पाठविले. दुसऱ्या उन्हाळ्यात ते एकामागून एक बंद पडले होते. व्यवस्थापनाचे मत ठाम होते : कपाटातील हवेच्या जाळ्या साफ केल्या गेल्या नाहीत, संच तापले आणि जळले. देखभाल विभागातील दोघा कामगारांना कारणे दाखवा नोटिसाही गेल्या होत्या. आम्ही चिपची आवरणे काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केवळ उष्णतेने जळालेला मार्ग साधारणपणे मध्यभागी तुटतो, कारण टोकांना उष्णता निघून जाण्यास वाव असतो आणि मध्य सर्वांत तापतो. येथे प्रत्येक नमुन्यात मार्ग ऋण टोकाजवळ तुटला होता आणि धन टोकाकडे बारीक उंचवटे साचले होते. इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात, वारा त्याच दिशेने वाहतो, अणू त्याच दिशेने गेले होते. इतक्या नमुन्यांत हा योगायोग असणे शक्य नव्हते. मार्गाची रुंदी त्यातून नेल्या जाणाऱ्या प्रवाहाच्या मानाने अपुरी होती, म्हणजे दोष आराखड्यातच होता. जाळीतील धुळीने तापमान चढून मरण लवकर आले असेल, ते मी अहवालात लिहिले. परंतु पुरेशा रुंदीचा मार्ग त्याच धुळीत कित्येक वर्षे टिकला असता, हेही लिहिले. पुढे नोटिसा मागे घेण्यात आल्या आणि चिप पुरविणाऱ्याने आराखडा बदलला. तापलेली प्रत्येक वस्तू उष्णतेनेच मेली असे गृहीत धरण्याची सवय किती महागात पडते, याचे हे उदाहरण मी नंतर विद्यार्थ्यांना अनेकदा दिले.

आता मूळ प्रश्नाकडे. अणू वाहून नेणे वेगळे आणि कणांची वाढ घडविणे वेगळे. वीज स्वतः कणसीमेला ढकलते काय? अर्धा मायक्रॉन त्रिज्येच्या कणाची वक्र सीमा स्वतःच्या वक्रतेमुळे ज्या दाबाने सरकते, तो दहाबारा वातावरणांइतका भरतो. वर घेतलेल्या प्रवाहाचा वारा त्या सीमेवर जो दाब टाकील तो एका वातावरणाच्या दहाव्या भागाहूनही कमी. शंभराला एक देखील प्रमाण पडत नाही. त्यामुळे लहान कणांच्या थरातून प्रवाह सोडला आणि कण वाढले, तर श्रेय आधी उष्णतेला द्यावे, असे माझे मत आहे. कण मोठे होऊन वक्रता उरली नाही, सीमा चरींत रुतून बसल्या, म्हणजे मग हा दुबळा वारा आणि त्याने साचविलेला ताण यांना काही करून दाखविण्याची संधी मिळते. कथिलासारख्या धातूत ती अधिक मिळते. त्यात एका दिशेने विजेला होणारा विरोध दुसऱ्या दिशेच्या जवळजवळ दीडपट असतो, आणि प्रवाहाखाली कमी विरोधाच्या दिशेने वळलेले कण वरचढ होताना पाहिले गेले आहेत.

उष्णता एकटी काय करते हे पाहण्यासाठी उलटसुलट प्रवाह फार उपयोगी. त्यात वारा क्षणाक्षणाला दिशा बदलतो आणि निव्वळ वाहतूक जवळपास शून्य होते, उष्णता मात्र तशीच राहते. जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात तांब्याच्या बारीक मार्गांतून सेकंदाला शंभर आवर्तनांचा प्रवाह सोडला. प्रत्येक आवर्तनात मार्ग दोनदा तापतो आणि दोनदा निवतो, म्हणजे सेकंदाला दोनशे वेळा प्रसरण-आकुंचन. काही काळाने पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या, कण वाढले आणि मार्ग तुटले. वारा नव्हताच. केवळ उष्णतेच्या चढउताराने धातू थकला होता. एकदिश प्रवाहातील हानी ढीग आणि पोकळ्यांची, उलटसुलट प्रवाहातील हानी सुरकुत्यांची. रोग दोन, लक्षणे दोन.

वाऱ्याला धातू प्रतिकारही करतो, ही गोष्ट इलान ब्लेख यांनी १९७६ साली उत्तम रीतीने दाखविली. त्यांनी एका कमी वाहक थरावर ॲल्युमिनियमच्या लहानमोठ्या पट्ट्या ठेवल्या आणि प्रवाह सोडला. लांब पट्ट्या ऋण टोकाकडून झिजत पुढे सरकल्या, ठरावीक लांबीपेक्षा आखूड पट्ट्या मात्र हलल्याच नाहीत. एस.टी.मध्ये मागून रेटा आला की पुढची मंडळी दाटीवाटीने उभी राहतात, आणि काही वेळाने त्यांचाच उलटा रेटा मागच्यांना थोपवितो. धन टोकाशी साचलेले अणू असाच उलटा दाब निर्माण करतात. लांबी आणि प्रवाहघनता यांचा गुणाकार एका मर्यादेच्या आत ठेवला, तर मार्ग या रोगाने मरतच नाही. आजही आराखडे करणारे या नियमाचा आधार घेतात.

दुसरे दोन उपाय कणसीमांशी संबंधित आहेत. आय.बी.एम.च्या संशोधकांनी १९७० साली दाखविले की ॲल्युमिनियममध्ये शेकडा काही भाग तांबे मिसळल्यास आयुष्य कित्येक पटींनी वाढते. तांब्याचे अणू सीमांवर जाऊन बसतात आणि रस्ता अडवितात. दुसरा उपाय अनपेक्षित होता. मार्ग अरुंद केला की तो लवकर तुटेल असे कोणालाही वाटेल, आणि काही मर्यादेपर्यंत तसेच होते. पण १९८० साली बेल प्रयोगशाळेतील वैद्य, शेंग आणि सिन्हा यांनी दाखविले की रुंदी कणाच्या आकारापेक्षाही कमी झाली की आयुष्य पुन्हा चढते. कारण आता संपूर्ण रुंदी एकच कण व्यापतो आणि सीमा बांबूच्या पेरांसारख्या आडव्या पडतात. लांबीच्या दिशेने सलग रस्ताच राहत नाही. इंग्रजीतही या रचनेला 'बांबू' असेच नाव आहे. बल्बच्या तारेत आडव्या सीमा घातक होत्या, येथे त्याच तारक ठरल्या, हे लक्षात घ्यावे. तेथे तापमान इतके उच्च होते की कण एकमेकांवरून घसरत, येथे ते शंभर-सव्वाशे अंश आहे.

१९९७ साली आय.बी.एम.ने ॲल्युमिनियमऐवजी तांब्याचे मार्ग असलेल्या चिपची घोषणा केली. तांब्याचा विरोध कमी आणि वितळण्याचे तापमान ४०० अंशांहून अधिक वरचे, म्हणून त्यातील अणू अधिक जड पायांचे. अडचण अशी की तांबे कोरून मार्ग काढणे जमत नाही. तेव्हा आधी पृथक्कारी थरात चर कोरायची, तीत विद्युत्विलेपनाने तांबे भरायचे आणि वरचे जास्तीचे घासून टाकायचे, अशी पद्धत आली. बिदरच्या कारागिरांनी जस्ताच्या भांड्यात रेघा कोरून त्यांत चांदी ठोकून बसवावी, त्याच जातीची ही कला. या तांब्यात एक नवल आढळले. नुकत्याच भरलेल्या तांब्यातील कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. चकती नुसती टेबलावर ठेवली, कसलीही आच दिली नाही, तरी काही तासांत वा दिवसांत कण मायक्रॉनभर मोठे होतात आणि विद्युत्‌विरोध सुमारे वीस टक्क्यांनी उतरतो. ना वीज, ना भट्टी. अतिबारीक कणांच्या सीमांत साठलेली ऊर्जाच वाढ घडविण्यास पुरेशी असते. पूर्वी विजेच्या नावावर मांडलेले परिणाम तपासताना ही गोष्ट विसरून चालणार नाही, म्हणून प्रयोगापूर्वी थर स्थिर होऊ देतात.

धातूंबाहेरही हाच वाद चालू आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील ऋषी राज आणि सहकारी यांनी २०१० साली झिर्कोनियाची भुकटी विद्युत्क्षेत्रात तापविली. तेव्हा एरवी १४०० अंशांच्या घरात तास-दोन तास लागणारे काम ८५० अंशांना काही सेकंदांत झाले. क्षेत्राचा हा स्वतंत्र प्रभाव की आत अचानक वाढलेली उष्णता? दोन्ही पक्षांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मृत्तिकाद्रव्य धातूसारखे वाहक नसल्याने तेथे क्षेत्र खरोखर आत शिरते, एवढा भेद ध्यानात ठेवावा. पण उष्णतेचे खाते आधी नीट मांडण्याची शिस्त तेथेही तीच आहे.

चिपमधील सर्वांत बारीक तांब्याचे मार्ग आता वीस नॅनोमीटर आणि त्याहून कमी रुंदीपर्यंत आले आहेत. तांब्यात इलेक्ट्रॉन न धडकता जाऊ शकतो ते अंतर सुमारे चाळीस नॅनोमीटर आहे. म्हणजे मार्गाच्या भिंती आणि कणसीमा त्याला त्याआधीच गाठतात. चरच एवढी अरुंद असल्यावर कण वाढणार किती? टेबलावर ठेवून मोठे होण्याची सोयही तेथे संपते. कण लहान, सीमा अनेक, विरोध जास्त, म्हणून उष्णता जास्त, म्हणून अणूंच्या उड्या जास्त, अशी साखळी तयार होते. तांब्याच्या वरच्या अंगावरून होणारी अणूंची सरक थोपविण्यासाठी त्यावर कोबाल्टची पातळ टोपी चढवितात. इंटेलने २०१७ साली जाहीर केलेल्या पद्धतीत सर्वांत खालच्या काही मार्गांसाठी तांब्याऐवजी कोबाल्टच वापरले होते. कोबाल्टचा विरोध जाड तारेत तांब्याच्या तिप्पट आहे, पण त्यात इलेक्ट्रॉनाचे मुक्त अंतर कमी असल्यामुळे अरुंद चरीत तो तोटा बराचसा भरून निघतो, आणि अणू वाऱ्याला दाद देत नाहीत. रुथेनियमवरही प्रयोग चालू आहेत. त्याचा थर आधी सपाट पसरून, तापवून, कण हवे तेवढे वाढवून घ्यायचे आणि मग कोरून मार्ग काढायचे, असा विचार पुढे आला आहे. म्हणजे ॲल्युमिनियमच्या काळातील जुनी पद्धत वेगळ्या धातूत परत येत आहे, आणि कण वाढविण्याचे काम पुन्हा एकदा भट्टीकडे सोपविले जात आहे.